बेगमी : अनिश्चित मागणी आणि अन्नधान्याचा पुरवठा

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त योजलेल्या ह्या व्याख्यानमालेत मला बोलण्याची संधी दिल्याबद्दल मी कार्यकारिणीचा मनःपूर्वक आभारी आहे. ह्या मालेत आतापर्यंत साहित्य, संगीत आणि संतवाङ्मय ह्यांवर विद्वानांची व्याख्याने झाली. त्यांच्यामागून एका सरकारी नोकराने उभे राहून धान्याची पोती, गोदामे आणि रेल्वेच्या वाघिणी ह्यांविषयी बोलावे, म्हणजे बासुंदीच्या पंगतीत मध्येच पिठले वाढण्यासारखे आहे. पण बासुंदी रोज नसते. पिठले मात्र अडीअडचणीला केव्हाही लागते, आणि घरात बेसन असेल तरच ते होते. ते बेसन ऐन वेळी घरात कसे असते, कोणाच्या विचाराने असते, हाच आजच्या बोलण्याचा विषय आहे.

मी कला शाखेचा पदवीधर. गणिती सूत्रे मांडण्याचा माझा अधिकार नाही आणि मला तसा मोहही नाही. परंतु केंद्र सरकारच्या सेवेत मागणीपत्रे, साठ्याची विवरणे आणि वाहतुकीची वेळापत्रके ह्यांच्याशी दीर्घकाळ संबंध आल्यामुळे ह्या विषयाचे काही मर्म ध्यानात आले. ते आपल्यापुढे साध्या शब्दांत ठेवावे, एवढाच हेतू आहे.

ह्या विषयाला इंग्रजीत मोठमोठी नावे आहेत. आपल्या भाषेत मात्र त्यासाठी एक जुना, नेमका शब्द आहे : बेगमी. कोकणात मृगाच्या आधी आगोटीची बेगमी होत असे. तांदूळ, मीठ, सुकी मासळी, कुळीथ, सरपण असे सारे पाऊस लागण्यापूर्वी घरात येई. देशावर धान्य कणगीत, बळदात किंवा जमिनीखालच्या पेवात भरून ठेवीत. आज आपण एखाद्या गोष्टीचे 'पेव फुटले' असे सहज म्हणतो. त्या शब्दप्रयोगामागे धान्याने भरलेले खरेखुरे पेव आहे. ही बेगमी करणाऱ्या गृहिणीपुढे तीन प्रश्न असत. खाणारी तोंडे किती असतील? बाळंतपणाला लेक येईल, पाहुणा येईल, कोणी नोकरीसाठी मुंबईला जाईल. दुसरा प्रश्न, वाट किती दिवस बंद राहील? आणि तिसरा, ठेवलेले किती टिकेल? भुंगा, कीड, ओल ह्यांचा वाटा किती? ह्या तिन्हींपैकी एकाचेही नक्की उत्तर तिला ठाऊक नसे. तरीही तिला निर्णय घ्यावा लागे, आणि तोही पाऊस पडण्यापूर्वी.

देशाच्या पातळीवर हेच तीन प्रश्न उभे राहतात; फक्त आकडे मोठे होतात आणि चुकीची किंमत मोठी होते. माझे आजचे प्रतिपादन एका वाक्यात सांगता येईल. मागणीचा अंदाज चुकणारच. म्हणून नियोजनाचे खरे काम अंदाज अचूक आणणे हे नसून, चुकलेल्या अंदाजाचा भार सर्वांत दुबळ्या माणसावर पडू नये ह्याची आगाऊ तजवीज करणे हे आहे. हे प्रतिपादन मी आपल्या देशाच्या अन्नधान्य पुरवठ्याच्या उदाहरणाने मांडणार आहे.

प्रथम एक घरगुती हिशेब पाहू. गणेशोत्सवात मंडळाचा महाप्रसाद असतो. किती पाने होतील, हा प्रश्न दरवर्षी कार्यकारिणीच्या बैठकीत गाजतो. मागील वर्षी तीनशे झाली, त्याआधी अडीचशे, एकदा पावसामुळे दोनशेच. सरासरी अडीचशे निघते, म्हणून अडीचशे पानांचा स्वयंपाक सांगावा काय? अनुभवी कार्यवाह तसे करीत नाहीत, आणि ते योग्यच आहे. समजा, एक पान जादा झाले तर मंडळाचे शंभर रुपये वाया जातात; आणि एक पान कमी पडून दारी आलेला माणूस उपाशी परतला, तर ती नामुष्की आपण चारशे रुपयांची धरली. मग आणखी एक पान वाढवावे की नाही, ह्याचे उत्तर सरळ आहे. ते पान लागण्याची शक्यता पाचांत एक इतकी असेल तोवर ते वाढवणे हिताचे. म्हणजे पाच वर्षांपैकी चार वर्षे पुरून उरेल इतका स्वयंपाक सांगावा, आणि त्या चार वर्षांत थोडे अन्न उरले म्हणून कार्यवाहांना दोष देऊ नये. उरलेले अन्न ही त्यांची चूक नव्हे. ती पाचव्या वर्षाच्या अब्रूची किंमत आहे.

ह्या हिशेबातील कळीचा आकडा कोणता? पाने किती होतील हा नव्हे, तर कमी पडल्याची किंमत आपण किती धरतो, हा. आणि हा आकडा कोणतेही शास्त्र देत नाही. तो आपल्या मूल्यांतून येतो. पंगतीत कमी पडले तर नामुष्की होते. देशाच्या कोठारात कमी पडले तर माणसे मरतात.

१९४३ साली बंगालमध्ये ते घडले. लक्षावधी माणसे अन्नावाचून आणि उपासमारीमागून आलेल्या रोगांनी मेली. अमर्त्य सेन ह्यांनी १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले की, प्रांतात धान्य अगदीच नव्हते असे नाही. ते विकत घेण्याची ऐपत शेतमजूर, मच्छीमार, कारागीर अशा वर्गांच्या हातून निसटली होती. त्याच १९४३ साली मुंबई शहरात शिधावाटप सुरू झाले, आणि 'रेशन' हा शब्द मराठी घरांत कायमचा वस्तीस आला. पुढे १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रात दुष्काळी कामे निघाली, सुकडी वाटली गेली, आणि रोजगार हमीची कल्पना रुजली. सभागृहातील वडीलधाऱ्यांना ती सुकडी आणि ती खडी फोडण्याची कामे आठवत असतील. धान्य आणि धान्य घेण्याची ऐपत, ह्या दोन्ही गोष्टी एकत्र पोचल्या तरच पुरवठा पोचला असे म्हणावे, हा त्या दोन्ही प्रसंगांचा धडा आहे.

दरम्यान १९६५ आणि १९६६ अशी सलग दोन वर्षे पावसाने दगा दिला. १९६४-६५ साली देशात सुमारे ८९० लाख टन धान्य पिकले होते. पुढच्याच वर्षी ते सुमारे ७२० लाख टनांवर आले. १९६६ साली सुमारे एक कोटी टन धान्य बाहेरून आणावे लागले, आणि त्यातील मोठा भाग अमेरिकेच्या पीएल-४८० कायद्याखालील गव्हाचा होता. जहाज बंदराला लागावे आणि गहू थेट लोकांच्या मुखी जावा, अशी ती स्थिती होती. शिवाय अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन ह्यांनी ती मदत हात आखडता घेऊन, थोडी थोडी सोडण्याचे धोरण ठेवले. पुरवठ्याची दोरी दुसऱ्याच्या हाती असणे म्हणजे काय, हे त्या काळात देशाला कळले. लालबहादुर शास्त्रींनी आठवड्यातून एक वेळचे जेवण सोडण्याचे आवाहन केले, तेही ह्याच दिवसांत. भारतीय अन्न महामंडळ १४ जानेवारी १९६५ रोजी स्थापन झाले. कृषिमूल्य आयोगही त्याच महिन्यातला. त्या धामधुमीच्या वर्षांत केंद्रातील अन्न व शेती खात्यात आपल्या नगर जिल्ह्याचे अण्णासाहेब शिंदे काम करीत होते, ह्याची आठवण मराठी माणसाने ठेवण्यासारखी आहे.

महामंडळाच्या कामाचे स्वरूप थोडक्यात असे. गहू एप्रिलपासून काही आठवड्यांत बाजारात येतो आणि बारा महिने खाल्ला जातो. तो ठरलेल्या आधारभूत किमतीने जितका विकावयास येईल तितका घ्यावयाचा. किती येईल हे पावसावर, थंडीवर आणि खुल्या बाजारातील भावावर अवलंबून. तो प्रामुख्याने पंजाब, हरियाणा, मध्य प्रदेश ह्या प्रांतांत मिळतो, आणि लागतो मात्र केरळपासून मिझोरामपर्यंत. म्हणजे आवक अनिश्चित, मागणी अनिश्चित, आणि दोहोंमध्ये दोन-तीन हजार किलोमीटरचे अंतर.

ह्यावर उपाय म्हणून राखीव साठ्याचे निकष ठरवलेले आहेत. जानेवारी २०१५ मध्ये ठरलेल्या निकषांनुसार गहू आणि तांदूळ मिळून १ एप्रिलला सुमारे २१० लाख टन, १ जुलैला ४११ लाख टन, १ ऑक्टोबरला सुमारे ३०८ लाख टन आणि १ जानेवारीला २१४ लाख टन साठा असावा. हा आकडा वर्षभर एकच का नाही? कारण त्यात दोन निरनिराळे हेतू एकत्र आहेत. एक भाग चालू वाटपासाठीचा. तो सुगीनंतर फुगतो आणि पुढच्या सुगीपर्यंत ओसरतो. दुसरा भाग संकटासाठीचा. त्यात गहू ३० लाख टन आणि तांदूळ २० लाख टन, बारा महिने स्थिर. गृहिणी रोजच्या डब्यातले आणि कणगीच्या तळातले धान्य वेगळे मानते, तसेच हे.

ही कल्पना नवी आहे असेही नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कोठारप्रमुखाची कर्तव्ये सांगताना म्हटले आहे की, साठ्याचा अर्धा भाग प्रजेच्या आपत्तीसाठी बाजूला ठेवावा, अर्धा वापरावा, आणि जुन्याच्या जागी नवे भरीत जावे. आजच्या गोदामातही जुनी थप्पी आधी निघाली पाहिजे, हाच नियम आहे. तो पाळला नाही तर कागदावर साठा असतो आणि पोत्यात पीठ व भुंगे असतात.

मग कोठारे सदैव तुडुंब भरून ठेवावीत, म्हणजे काळजी मिटली, असे कोणी म्हणेल. तसे नाही. १ जुलै २००२ रोजी सरकारी साठा सुमारे ६३० लाख टनांवर गेला होता. त्या वेळचा निकष होता २४३ लाख टन. गोदामे अपुरी पडून गहू उघड्यावर, चौथऱ्यांवर ताडपत्रीखाली ठेवावा लागला. साठ्यावर व्याज चढते, भाडे चढते, धान्य खराब होते. आणि त्याच काळात काही भागांत लोक अर्धपोटी होते, म्हणून हा प्रश्न २००१ साली सर्वोच्च न्यायालयापुढेही गेला होता. मग निर्यात झाली, वाटप वाढले, दुष्काळ आला, खरेदी घटली. आणि अवघ्या चार वर्षांत, १ एप्रिल २००६ रोजी, गव्हाचा साठा सुमारे २० लाख टनांवर आला. निकष ४० लाखांचा होता. त्या वर्षी सुमारे ५५ लाख टन गहू आयात करावा लागला. एकदा अति, एकदा अल्प.

असे का होते? न्हाणीघरातील गरम पाण्याच्या नळाचा अनुभव आठवा. नळ फिरवला तरी पाणी लगेच गरम होत नाही. म्हणून आपण तो आणखी फिरवतो. मग एकदम कढत पाणी येते, आणि आपण घाईघाईने तो पूर्ण बंद करतो. दोष नळाचा नसतो आणि पाण्याचाही नसतो. आपली कृती आणि तिचा परिणाम ह्यांच्यामध्ये जो वेळ जातो, तो आपण हिशेबात धरलेला नसतो. धान्याच्या बाबतीत हा वेळ काही महिन्यांचा, कधी वर्षांचा असतो. आज जाहीर केलेल्या आधारभूत किमतीचे धान्य पुढच्या हंगामात येते. म्हणून नियंत्रण ठेवणाऱ्याने आज हाती किती आहे एवढेच न पाहता, वाटेवर किती आहे आणि आधीच्या निर्णयाचा परिणाम अजून किती यावयाचा आहे, हेही मोजले पाहिजे.

ह्याच उशिरापोटी आणखी एक प्रकार घडतो. आसूड उडवताना मुठीशी मनगट थोडेसेच हलते, पण टोक केवढा तडाखा देते! पुरवठ्याच्या साखळीतही तसेच होते. नोव्हेंबर २०१६ मध्ये उत्तर भारतात मिठाची टंचाई होणार अशी अफवा उठली. मिठाच्या उत्पादनात भारत जगातील अग्रगण्य देशांपैकी एक. कसलीही तूट नव्हती. परंतु एका पुडीऐवजी लोक पाच-पाच पुड्या घेऊ लागले, काही तासांत दुकाने रिकामी झाली, आणि रिकामे फळकूट पाहून अफवा खरी वाटू लागली. अशा वेळी दुकानदार घाऊक व्यापाऱ्याकडे दुप्पट मागणी नोंदवतो, तो उत्पादकाकडे चौपट; आणि माल येतो तेव्हा घरोघर चार महिन्यांचे मीठ पडलेले असते, म्हणून पुढे मागणी शून्यावर येते. प्रत्येक जण आपापल्या जागी शहाणपणाने वागतो आणि सर्व मिळून वेडेपणा होतो. ह्यावर औषध एकच : साखळीतील प्रत्येकाला शेवटच्या दुकानातील खरी विक्री दिसली पाहिजे, आपल्या पुढच्या माणसाची घाबरगुंडी नव्हे. रेशन दुकानांत अंगठा लावून धान्य देण्याची यंत्रे बसली, त्यांच्याविषयी तक्रारीही पुष्कळ आहेत. दमलेल्या हातांचे ठसे उमटत नाहीत, कोठे संपर्क तुटतो, आणि हक्काचा माणूस परत जातो. तथापि कोणत्या दुकानातून आज किती धान्य उचलले गेले, हे कळण्याची सोय त्यांनी केली, हा लाभ नाकारता येत नाही.

साठा किती असावा ह्याइतकाच तो कोठे असावा, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. समजा, चार जिल्ह्यांनी अचानक वाढणाऱ्या मागणीसाठी प्रत्येकी १०० टन राखून ठेवले. एकूण ४०० टन झाले. हेच चौघांचे राखीव धान्य मध्यावर एका गोदामात ठेवले, आणि एका जिल्ह्याचा चढउतार दुसऱ्यावर अवलंबून नसला, तर २०० टन पुरतात. कारण चौघांनाही एकाच दिवशी नड लागत नाही. एकत्र कुटुंबाचा जो फायदा तोच हा. पण एकत्र कुटुंबाची अटही येथे लागू आहे. हाक मारताच मदत पोचली पाहिजे. वाट बंद असेल तर मध्यावरचे धान्य असून नसल्यासारखे.

लडाखचे उदाहरण घ्या. श्रीनगरहून लेहला जाणारा रस्ता साडेअकरा हजार फुटांवरील झोजी खिंडीतून जातो, आणि हिवाळ्यात बर्फामुळे तो बंद पडतो. नागरिकांसाठी आणि सैन्यासाठी लागणारे धान्य, तेल, इंधन आधीच वर चढवून ठेवावे लागते. तेथे मागाहून दुरुस्तीस वाव नाही. म्हणून तेथे सढळ हाताने भरणे हेच काटकसरीचे. ईशान्येकडे ऑक्टोबर २०१४ पासून लामडिंग-सिलचर हा मीटरगेज मार्ग रुंद करण्यासाठी बंद ठेवावा लागला. त्रिपुरा, मिझोराम आणि बराक खोरे ह्यांची ती जीवनवाहिनी होती. परंतु बंद कधी होणार हे आधी ठाऊक असल्याने पूर्वतयारी करता आली. त्या वर्षी बांगलादेशातील आशुगंजच्या नदीबंदरापर्यंत जलमार्गाने आणि तेथून रस्त्याने आगरतळ्यास तांदूळ नेण्याचीही सोय झाली. दुसरी वाट आधी शोधून ठेवणे, हीदेखील एक प्रकारची बेगमीच आहे.

साखळी तुटते ती बहुधा जेथे कोणाचे लक्ष नसते अशा कडीपाशी. धान्याच्या बाबतीत ती कडी म्हणजे बारदान. गहू आहे, पैसा आहे, रेल्वे आहे, पण तागाचे पोते नाही, तर खरेदी थांबते. पोत्याची मागणी पीक उभे असतानाच नोंदवावी लागते, आणि पोती प्रामुख्याने बंगालमधील ताग गिरण्यांत तयार होतात. एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीमुळे त्या गिरण्या बंद पडल्या, आणि ऐन गव्हाच्या खरेदीत प्लास्टिकच्या पोत्यांना व वापरलेल्या बारदानाला परवानगी द्यावी लागली. कोट्यवधी टनांची योजना काही रुपयांच्या पोत्यावर अडू शकते, हे प्रत्येक योजनाकाराने टेबलावर लिहून ठेवावे.

त्या २०२० सालाकडेच आता वळू. कारण बेगमीची खरी परीक्षा त्या वर्षी झाली. मार्चअखेर टाळेबंदी जाहीर झाली आणि एप्रिलपासून सुमारे ८० कोटी लोकांना माणशी दरमहा ५ किलो धान्य नेहमीच्या वाट्याखेरीज मोफत देण्याचे ठरले. ८० कोटींना ५ किलो म्हणजे महिन्याला ४० लाख टन. एका मालगाडीत सुमारे २,८०० टन धान्य जाते; म्हणजे हे चौदाशेंहून अधिक गाड्यांचे धान्य झाले. अर्थात सगळेच रेल्वेने जात नाही. परंतु आकाराची कल्पना यावी. मागणी अशी एका रात्रीत जवळजवळ दुप्पट होईल, असा अंदाज कोणत्याही कचेरीने वर्तवलेला नव्हता. मात्र १ एप्रिल २०२० रोजी कोठारांत सुमारे ५७० लाख टन धान्य होते. निकषाहून कितीतरी जादा असलेला हा साठा त्याआधी अनेक वर्षे टीकेचा विषय होता. तो चांगल्या नियोजनाने जमला होता असे मी म्हणणार नाही. खरेदी खुली आणि उचल कमी, म्हणून तो जमला होता. पण तो होता, म्हणून देश उपासमारीतून बचावला, हे सत्य आहे. आम्हां सरकारी नोकरांच्या जगात शिल्लक मालावर लेखापरीक्षणाचा शेरा येतो. टळलेल्या टंचाईची नोंद मात्र कोणत्याही फायलीत नसते. साठ्याचे मूल्यमापन करताना ही एकांगी नोंद लक्षात ठेवली पाहिजे.

आणि तरीही त्याच वर्षी लाखो माणसे रस्त्याने चालत गावी गेली. धान्य होते, मग ती का निघाली? रोजगार गेला, निवारा गेला, हे तर झालेच. परंतु आणखी एक कारण आपल्या विषयाचे आहे. त्यांचे रेशन त्यांच्या गावच्या दुकानात होते, आणि भूक परगावी होती. मागणी वाढली नव्हती. ती जागा बदलून बसली होती, आणि कागदाला ते ठाऊक नव्हते. मे महिन्यात शिधापत्रिका नसलेल्या सुमारे ८ कोटी स्थलांतरितांसाठी दोन महिने धान्य मंजूर झाले. पण ज्यांची यादीच नाही त्यांना शोधायचे कसे? त्या धान्यातील बराच भाग ठरलेल्या मुदतीत लोकांच्या हाती पडू शकला नाही. कोठारातली तूट दिसते. यादीतली तूट दिसत नाही, आणि तीच अधिक घातक ठरते.

शिधापत्रिका कोणत्याही राज्यात चालावी ही योजना ऑगस्ट २०१९ मध्ये महाराष्ट्र-गुजरात आणि आंध्र-तेलंगण ह्या दोन जोड्यांत सुरू झाली होती. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली ती सर्वत्र लागू करण्याचे आदेश दिले, आणि जून २०२२ मध्ये आसामच्या समावेशाने ती सर्व राज्यांत पोचली. हे मोठे पाऊल आहे. तथापि राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा २०१३ चा, आणि त्याखालील लाभार्थींची संख्या ठरली ती २०११ च्या जनगणनेवरून. त्यानंतर जन्मलेली, वाढलेली, स्थलांतरित झालेली माणसे त्या आकड्यात कोठे बसतात, हा प्रश्न त्या कार्डाने सुटत नाही. आपण घर सोडून दूर आलेली माणसे आहोत. आपल्यापाशी बदलीचा हुकूम, सरकारी निवासस्थान, बँकेचे खाते होते. म्हणून आपण जेथे गेलो तेथे आपले नाव आपल्यामागून आले. बीडचा किंवा जालन्याचा ऊसतोड कामगार कर्नाटकात जातो, तेव्हा त्याचे नाव त्याच्यामागून जाते काय, हा प्रश्न आपल्याला परका वाटू नये.

एक शेवटचे उदाहरण. मार्च २०२२ मध्ये उत्तरेत अकाली उष्णतेची लाट आली, गव्हाचा दाणा आकसला. त्यातच युक्रेनच्या युद्धाने जगात गव्हाचे भाव चढले. सरकारी खरेदी आधीच्या वर्षीच्या सुमारे ४३३ लाख टनांवरून १८८ लाख टनांवर आली. त्या वेळी तांदळाचा साठा भरपूर होता, म्हणून अनेक राज्यांत गव्हाच्या जागी तांदूळ देऊन वाटप चालू ठेवता आले. १३ मे रोजी निर्यातीवर बंदी घालावी लागली. ह्यातून दोन गोष्टी दिसतात. एकीच्या जागी दुसरी वस्तू देता येणे ही फार मोठी शक्ती आहे. आणि ती शक्ती फुकट मिळत नाही. पोळी खाणाऱ्याला भात घ्यावा लागला, आणि बाहेरच्या चढ्या भावाचा लाभ शेतकऱ्याच्या हातून गेला. चुकलेल्या अंदाजाचा भार कोणी ना कोणी उचलतोच. तो कोणी उचलावा, हे आधी ठरवणे म्हणजे धोरण. न ठरवता तो ज्याच्यावर पडेल त्याच्यावर पडू देणे म्हणजे दुर्लक्ष.

समारोप करतो. अनिश्चित मागणीला तोंड देण्याची साधने चारच आहेत. पहिले, साठा; तो कमी पडल्याची खरी किंमत मनाशी धरून ठरवावा. दुसरे, वेळ, कृती आणि परिणाम ह्यांमधील अंतर जितके कमी तितका साठा कमी लागतो. तिसरे, खरी माहिती. शेवटच्या दुकानातली, शेवटच्या माणसाची. आणि चौथे, मार्ग बदलण्याची मोकळीक. दुसरी वाट, दुसरे धान्य, दुसरे बारदान. ह्यांपैकी एक कमी असेल तर दुसरे वाढवावे लागते. चारही कमी असतील तर अंदाज कितीही शास्त्रशुद्ध असो, तो शेवटच्या माणसाच्या पोटावर चुकतो.

कणगीच्या तळाशी चार पायली धान्य राखून ठेवणाऱ्या आपल्या आज्यांना हे शास्त्र कोणी शिकवले नव्हते. परंतु घरातला शेवटचा जेवणारा कोण, हे त्यांना ठाऊक असे, आणि त्याच्यासाठी राखून मगच त्या वाढीत. देशाच्या कोठारालाही तेवढेच ठाऊक असावे, इतकीच अपेक्षा आहे.